चोविसावा खण

मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. माझ्या फळ्या शाबूत आहेत, चारही पाय जमिनीवर आहेत आणि तोंड किती चालतं ते तुम्ही ऐकताच आहात. विद्यापीठाच्या इंग्रजी साहित्य विभागाच्या कचेरीत, दारातून आत आलं की डाव्या हाताला, भिंतीला पाठ लावून मी उभी आहे. मला चोवीस खण आहेत. आडवे सहा आणि उभे चार. तेवीस खण प्राध्यापकांच्या टपालाचे. चोविसावा, अगदी खालच्या ओळीतला उजवीकडचा शेवटचा, कुणाच्याच नावाचा नाही. मला सांगायचं आहे ते त्या खणाबद्दल, कारण त्याला अडगळ म्हणणारे पुष्कळ झाले.

माझा जन्मच मुळी भांडणात झाला. विभागात तेव्हा तेवीस प्राध्यापक होते, म्हणून कचेरीनं सुताराला लेखी कळवलं की तेवीस खणांची मांडणी हवी. सुतार होता तोंडाळ. तो म्हणाला, "तेवीस खण करायचे तर एक कोपरा फोडून ठेवावा लागेल. चालेल का?" कचेरी म्हणाली, कागदावर तेवीस आहे तर तेवीसच पाहिजेत. सुतारानं ऐकून घेतलं आणि चोवीस केले. जुनं व्याख्यानगृह पाडलं होतं, त्यातल्या बाकांच्या फळ्या त्यानं मला लावल्या. त्यामुळे माझ्या नवव्या खणात आत हात घालून चाचपलंत तर कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं 'कंटाळा आला' अजून बोटांना लागतं. मला आणून उभी केली तेव्हा कचेरीतला माणूस मोजत बसला आणि म्हणाला, "एक खण जास्त आहे, घेता येणार नाही." दोन दिवस मी व्हरांड्यात उभी होते.

शेवटी त्या वेळचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे थोरले सर म्हणत, ते बाहेर आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्या जास्तीच्या खणात हात घालून म्हणाले, "ज्या विद्यार्थ्याचा प्रश्न आपल्या कुठल्याच पेपरात बसत नाही, त्यानं कुठे जायचं? हा खण त्याचा." त्याच दिवशी पितळी चौकटीत पाटी बसली, 'स्वतंत्र अभ्यास'.

ही काय भानगड, ते नीट सांगते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला सगळ्यांना आठ पेपर असतात. विभाग पुस्तकं ठरवतो, विभाग शिकवतो, विभाग परीक्षा घेतो. पण ज्याला वाटेल त्यानं त्यातला एक पेपर सोडावा आणि त्याऐवजी स्वतःचा एक प्रश्न घ्यावा. त्याला वर्ग नाही, परीक्षा नाही. एक विद्यार्थी, एक मार्गदर्शक, सहा भेटी आणि शेवटी आठ हजार शब्दांचा प्रबंध. प्रश्न एका कागदावर लिहायचा आणि चोविसाव्या खणात ठेवायचा. प्राध्यापकांनी येता-जाता वाचायचा. ज्याला त्या प्रश्नाची भूल पडेल त्यानं कागद उचलायचा, खाली सही करायची, की झाला तो मार्गदर्शक. विद्यार्थ्यानं कुणाच्या मागे लागायचं नाही, हा थोरल्या सरांचा दंडक. महिनाअखेरीला पाच वाजेपर्यंत कुणीच उचलला नाही तर कागद परत जायचा.

काय काय कागद आले म्हणून सांगू! एक मुलगा बोलताना अडखळायचा. तीन वर्षांत वर्गात त्यानं तोंड उघडलं नव्हतं. त्यानं लिहिलं, नाटकातली माणसं गप्प बसतात तेव्हा काय चाललेलं असतं? दोघा प्राध्यापकांनी तो कागद एकदमच धरला आणि ओढाताणीत त्याचा कोपरा फाटला. एका बाईंचं लग्न होऊन दोन मुलं झाली होती. त्यांना भुतांच्या गोष्टींतली घरं नेहमी बाईमाणसालाच का भिववतात ते शोधायचं होतं. एका महाशयांना मात्र स्वतंत्र म्हणजे सुट्टी असं वाटलं. ते थेट शेवटच्या आठवड्यात उगवले, आणि सहाही भेटींच्या तारखा त्यांनी एकाच बैठकीत, एकाच शाईनं भरून टाकल्या. त्यातली एक तारीख रविवारची निघाली. मार्गदर्शकांनी ती पाहिली आणि त्यांना पुढच्या वर्षी परत यायला सांगितलं. बाहेरून तपासायला आलेल्या एका परीक्षक बाईंनी तर माझ्या फळीवर थाप मारून म्हटलं होतं, "तुमच्या विभागातली सगळ्यात हुशार वस्तू ही आहे." मला ते ऐकून लाज वाटली नाही, ते खरंच होतं.

मग थोरले सर गेले. टपाल संगणकावर आलं. प्राध्यापकांना कचेरीत यायचं कारण उरलं नाही आणि माझ्या खणांत जे कुणाला कुठे ठेवावं कळेना ते येऊन पडू लागलं. काडी मोडलेली छत्री. कुलूप हरवलेली किल्ली. उघडा बिस्किटांचा पुडा, आणि त्यामागून मुंग्यांची रांग. चोविसाव्या खणात फिनेलची बाटली! पाटीवरची अक्षरं उडाली. नव्या प्रमुखसाहेबांनी परिपत्रक काढलं की एका विद्यार्थ्यासाठी एक प्राध्यापक हा वेळेचा अपव्यय आहे, म्हणून स्वतंत्र अभ्यासाच्या मार्गदर्शनाच्या तासिका यापुढे शून्य धरल्या जातील. शून्य म्हटल्यावर कोण उचलणार? दोन वर्षं एकही कागद उचलला गेला नाही. तिसऱ्या वर्षी साहेबांनी माझ्यासमोरच कचेरीतल्या बाईंना मजकूर सांगितला. या बाई कागद दिसला की टाचणी लावतात, म्हणून त्यांना सगळे टाचणीताई म्हणतात. मजकूर असा होता, की या महिनाअखेरीलाही एकही कागद उचलला गेला नाही तर स्वतंत्र अभ्यास अभ्यासक्रमातून कायमचा वगळावा. "आणि ही मांडणीही भंगारात द्या," साहेब जाता जाता म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भंगाराला मी भीत नाही, मी जन्मलेच मोडक्या बाकांतून. पण तो पर्याय एकदा वगळला की ज्यांचे प्रश्न कुठेच बसत नाहीत त्या पोरांनी पुढे कुणाकडे जायचं? त्या वेळी माझ्यासमोर असंच एक पोर उभं होतं.

तिला वर्गात मुंगी म्हणत. अंगानं एवढीशी, हातात मात्र नेहमी स्वतःहून जड पुस्तकं, आणि चालायची भिंतीच्या कडेकडेनं. आता एक गोष्ट मला ठाऊक होती आणि विभागात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. विभागात चहा आणणाऱ्या मावशी या मुंगीच्या आई. पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, कचेरी उघडायच्या आधी, माझ्यापुढे उभं राहून मावशींनी लेकीला बजावलं होतं, "हे बघ, इथे मी चहाची मावशी आणि तू शिकणारी. ओळख दाखवायची नाही. उद्या चांगले गुण पडले तर म्हणतील, आईच्या चहाचे पडले."

"आणि कमी पडले तर?"

"तर घरी ये. मग दाखवते ओळख."

तीन वर्षं दोघींनी हे पाळलं. ट्रे घेऊन येताना वाटेत मुंगी उभी असली तर मावशी म्हणायच्या, "जरा सरकता का?" आपल्याच पोटच्या पोरीला अहो-जाहो! मुंगी मान खाली घालून सरकायची. मला गंमतही वाटायची आणि रागही यायचा.

तर त्या महिन्याच्या पहिल्याच सोमवारी मुंगी आली, तिनं फिनेलची बाटली काढून जमिनीवर ठेवली, रुमालानं खण पुसला आणि कागद आत सरकवला. दोन वर्षांनी आतून कागदाचा वास आला. इंग्रजीत लिहिलं होतं, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. 'कादंबऱ्यांमध्ये दिवाणखान्यात माणसं बोलत असतात. एक बाई चहाचा ट्रे घेऊन आत येते. ट्रे ठेवते. बोलणं पुढे चालू राहतं. ट्रे ठेवल्यावर ती बाई कुठे जाते?' एवढाच प्रश्न.

त्याच दुपारी टाचणीताई जेवायला गेल्या असताना मावशी तिथे आल्या. लेकीनं घरी काहीच सांगितलं नव्हतं, पण मावशींनी तिचं अक्षर ओळखलं. सातवीपर्यंतच्या इंग्रजीच्या बळावर बोट फिरवत त्यांनी ते वाचून काढलं. मुंगी मागेच उभी होती.

"माझ्यावर लिहितेस?" मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या.

"तुझ्यावर नाही. ट्रेवाल्या बाईवर."

"मग मीच की! कुणाला कळलं तर? एवढे आठ पेपर आहेत, त्यातलाच घे ना. गुण चांगले पडतील."

"गुण पडतील गं. पण तीन वर्षं मी वाचते आहे, आई. एका पुस्तकानं सांगितलं नाही तू कुठे जातेस. मला दुसरं काही विचारायचंच नाहीये."

मावशी कागद होता तसा आत ठेवून, कप गोळा करून निघून गेल्या. त्या रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

पहिला आठवडा कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात लालशाई आले. हे विभागातले सगळ्यात खडूस प्राध्यापक. लाल पेनशिवाय दुसरं पेन त्यांनी कधी वापरलं नाही. सव्वीस वर्षं झाली, पण त्यांनी चोविसाव्या खणातला कागद एकदाही उचलला नव्हता. 'पोरांचे लाड मला जमत नाहीत,' असं ते अभिमानानं सांगत. ते आपली छत्री शोधायला आले होते. कागद दिसला, वाचला, नाकाला मिरच्या झोंबल्यागत केलं आणि समासात लिहिलं, 'हा प्रश्न साहित्याचा नाही, स्वयंपाकघराचा आहे.' कागद पुन्हा आत.

कुणी दुसरं असतं तर रडत घरी गेलं असतं. मुंगीनं दुसऱ्या दिवशी खाली निळ्या पेनानं लिहिलं, 'सर, स्वयंपाकघर कादंबरीच्या आत येतं की बाहेर?'

लालशाई छत्री न्यायला पुन्हा आले. छत्री तिथेच राहिली. 'पुरावा?' त्यांनी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

चार दिवसांनी मुंगीनं एक यादी टाचली. सतरा कादंबऱ्या. त्यांत बासष्ट वेळा ट्रे आत येतो. त्यातल्या अठ्ठावन्न वेळा, तो घेऊन येणारी बाई खोलीतून बाहेर पडल्याचं लिहिलेलंच नाही. यादीच्या तळाशी मुंगीनं लिहिलं होतं, 'म्हणजे त्या अठ्ठावन्न जणी अजून आतच असतील, सर.'

लालशाईंनी ते तीनदा वाचलं. मी मोजलं. मग लिहिलं, 'मोजदाद म्हणजे समीक्षा नव्हे.' उत्तर आलं, 'मग समीक्षा म्हणजे काय ते शिकवा.' समास भरला, कागदाची मागची बाजू भरली, टाचणीताईंनी नवे कोरे कागद जोडून दिले. या कागदावरून त्या दोघांची एकदाही समोरासमोर गाठ पडली नव्हती, आणि माझ्या पोटात मात्र त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. हळूहळू बाकीचे प्राध्यापकही डोकावू लागले. "आज काय उत्तर दिलंय?" म्हणत वाचायचे, हसायचे, एखादी ओळ पेन्सिलीनं खरडायचे आणि कागद परत ठेवायचे. उचलायचं कुणीच नाही. ज्याला त्याला वाटायचं लालशाई उचलतील, आणि लालशाई आपल्या सव्वीस वर्षांच्या बाण्याला चिकटून बसलेले. शहाण्यासुरत्या, पुस्तकांत बुडालेल्या माणसांचं हे असं असतं बघा. कागद दुरुस्त करायला सगळे, सही करायला कुणी नाही!

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. बैठकीच्या खोलीला रंग लागत होता, म्हणून विभागाची बैठक चार वाजता कचेरीतल्या लांब टेबलाशी, म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत भरली. बरीचशी कामं झाल्यावर प्रमुखसाहेब उठले आणि खणातला जुडगा त्यांनी स्वतः काढला.

"शेवटचा विषय. स्वतंत्र अभ्यास. एकच कागद आहे. कुणी उचलतंय?"

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. लालशाई पेनाचं टोपण काढत होते आणि घालत होते.

"निदान विषय तरी ऐका," साहेब खुशीत म्हणाले, आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नेमक्या त्याच वेळी मावशी ट्रे घेऊन आत आल्या. त्या एकेकापुढे कप ठेवत होत्या आणि साहेब वाचत होते. शेवटच्या ओळीला त्यांनी नाटकी आवाज काढला. "ट्रे ठेवल्यावर ती बाई कुठे जाते? अहो, जाणार कुठे? बाहेर!"

टेबलाभोवती हशा पिकला. मित्रांनो, ती माणसं दुष्ट नव्हती. दिवसभराची दमलेली होती आणि विनोद आयता मिळाला होता. पण मला त्या क्षणी पाय असून चालता येत नाही याचा जो संताप आला, तो मी कधी विसरणार नाही.

मावशींनी शेवटचा कप ठेवला. ट्रे छातीशी धरला. आणि त्या गेल्या नाहीत.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बोलणं अडलं. कप ठेवले की मावशी निघून जातात, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. साहेब थांबले. "मावशी, झालं ना?"

"झालं."

"मग?"

"मग काही नाही. उभी आहे."

"अहो, ही विभागाची बैठक आहे."

"ठाऊक आहे. चहा मीच आणलाय."

कुणीतरी खोकलं. साहेबांनी चष्मा काढला. मावशी पुढे म्हणाल्या, "अठरा वर्षं मी ट्रे ठेवते आणि जाते. मागच्या नळावर जाते, तुमचे कप धुते, पाय दुखले तर उलट्या बादलीवर बसते. एकानं विचारलं नाही. विचारलं ते त्या कागदात. तो लिहिणारी माझी मुलगी आहे."

टाचणीताईंच्या हातातली टाचणी खाली पडली, तिचा आवाज मला आला.

"हे आधी का नाही सांगितलंत?" साहेब हळू आवाजात म्हणाले.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही दया म्हणून उचलला असता. दया नको होती."

"आणि आता?"

"आताही नको. कागद वाईट असेल तर वाईट म्हणा आणि परत पाठवा. माझी पोर दुसरा पेपर देईल. पण हसू नका. आणि जे ठरवायचं ते माझ्यासमोर ठरवा. मी इथून हलणार नाही."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला बारा मिनिटं होती. शाबास, मावशी! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. तीन वर्षं लेकीला जे तोंड शिवून ठेवायला लावलं होतं, त्याचे टाके त्यांनी स्वतःच उसवून टाकले होते. नोकरी जायची भीती त्यांना नव्हती असं नाही. ट्रेवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"कागद वाईटच आहे," लालशाई म्हणाले.

मावशींनी मान वर केली. आईच्या तोंडावर असं म्हणणं साहेबांनाही जरा लागलंच.

"पहिला परिच्छेद तर टाकाऊ आहे," लालशाई पुढे म्हणाले. "पण अठ्ठावन्न बाया आत राहिल्यात असं ही मुलगी म्हणते. दोन आठवडे झाले, मी ते खोडून काढायला बघतोय. जमत नाहीये. झोपेतसुद्धा तेच. याचा निकाल मला लावायचाय आणि तिच्याशी समोरासमोर भांडल्याशिवाय तो लागणार नाही. भांडायला सही लागत असेल, तर ही घ्या सही." त्यांनी साहेबांच्या हातातून जुडगा ओढून घेतला आणि लाल शाईनं टर्रकन सही ठोकली.

"सर, तासिका शून्य धरल्या जातील," साहेब म्हणाले.

"खुशाल धरा. सव्वीस वर्षं माझ्या तासिका भरलेल्या होत्या. त्यांत एका पोरानं मला उलट उत्तर दिलं नाही."

मावशींनी मोकळा ट्रे काखेत धरला. "कप जरा वेळानं नेते," एवढंच म्हणाल्या आणि दारातून बाहेर पडल्या. या वेळी मात्र त्या कुठे गेल्या ते टेबलाशी बसलेल्या प्रत्येकानं मान वळवून पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीच्या कडेला मुंगी उभी होती. मावशींनी तिच्याशी तिथेच, सगळ्यांदेखत ओळख दाखवली. दोघी बराच वेळ रडत होत्या आणि मग हसत होत्या.

पुढच्या सहा भेटींच्या अकरा भेटी झाल्या. लालशाईंनी शेवटपर्यंत हार मानली नाही आणि मुंगीनंही. कागद जाता-येता माझ्यातूनच जायचे, लाल-निळे होऊन. एका भेटीनंतर मुंगी रागानं फणफणत आली, अख्खं प्रकरण खणात आपटलं आणि गेली. लालशाई ते घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेवटच्या पानावर लाल शाईत पहिल्यांदाच एक शब्द आला, 'बरोबर.' तो शब्द लिहिताना त्यांना किती त्रास झाला असेल, ते मलाच माहीत.

तिला गुण किती पडले ते मी सांगणार नाही. ज्यांना गुणच हवे आहेत त्यांनी फलक बघावा. स्वतंत्र अभ्यास मात्र वगळला गेला नाही. एक कागद उचलला गेला होता आणि नियम म्हणजे नियम. यंदा माझ्या चोविसाव्या खणात तीन कागद आले आहेत. एकाचा प्रश्न काहीच्या काही आहे, दुसऱ्याचं अक्षर लागत नाही, आणि तिसरा वाचून मी दोन दिवस विचारात पडले आहे. साहेब अजूनही दर वर्षी फेरविचार करू म्हणतात. करा म्हणावं. मी कुठे जात नाही.

मित्रांनो, माझ्यावर फडकं फिरवा, फिनेलची बाटली दुसरीकडे ठेवा, एवढी काळजी घेतलीत तर मी आभारी राहीन. पण खरी काळजी वेगळीच आहे. जो प्रश्न कुठेच बसत नाही तो घरी परत घेऊन जाऊ नका. माझ्या खणात ठेवा. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन टेबलाच्या त्या बाजूला बसलात, तर वाचून हसायच्या आधी कागद उचला.

मुंगीच्या प्रबंधाची एक प्रत टाचणीताईंनी चोविसाव्या खणात ठेवून दिली आहे. गेल्या मंगळवारी दुपारी पलीकडे, नव्यानं रंगवलेल्या खोलीत बैठक चालू होती. मावशींनी चहाचा भरलेला ट्रे टेबलावर ठेवला, हात कोरडे केले आणि प्रत काढून माझ्यापुढे उभ्या राहून वाचायला लागल्या. सातवीचं इंग्रजी, त्यामुळे एका पानाला बराच वेळ लागतो. बोट ओळीखालून मुंगीच्याच गतीनं सरकत होतं. मधेच थांबून त्या हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा तीच ओळ वाचली. पलीकडे बैठक खोळंबली. थोड्या वेळानं प्रमुखसाहेब दारात आले.

"मावशी, चहा?"

"तो काय, तयार आहे," मावशी पानावरून नजर न काढता म्हणाल्या. "माझं एक पान राहिलंय."

साहेबांनी दोन्ही हातांनी ट्रे उचलला, कप हिंदकळू नयेत म्हणून जपून पावलं टाकत दारापर्यंत गेले, आणि दार पायानं ढकलून स्वतः चहा घेऊन आत गेले.